उतारावरच्या थांब्याचा एकुलता एक प्रवासी

१. खाकी पाकीट

आमच्या बसमधले प्रवासी चोरीला गेले, ही बातमी घरी आली ती एका खाकी पाकिटातून. आई ड्यूटीवरून आली, बूट काढले, पाकीट फोडलं, वाचलं आणि बूट परत घातले. कुठेच जायचं नाही हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती तशीच बुटांसकट खाटेवर बसून राहिली.

"काय झालं गं?"

"माझी बस रिकामी धावते म्हणे."

मला हसूच फुटलं. आई टेकडीमागच्या आमच्या वस्तीतून शहरात जाणारी बस चालवते आणि मी रोज त्याच बसने शाळेत जाते. शाळेच्या वेळेला त्या बसमध्ये उभं राहायला जागा मिळाली तर धरायला दांडी मिळत नाही, आणि दांडी मिळाली तर आपल्या नाकाखाली कुणाची तरी काख असते. ती बस रिकामी?

"हसू नकोस," आई म्हणाली. "पुढचं वाच."

पुढचं वाचल्यावर हसू कुठल्या कुठे पळालं.

इथे थोडं सांगायला हवं. गेल्या वर्षी आमच्याकडच्या सगळ्या स्थानिक बसचं तिकीट रद्द झालं. तेव्हापासून बस चालवायचा खर्च विभागीय परिवहन मंडळ देतं, आणि तो देतं डोकी मोजून. डोकी कमी भरली की मार्ग बंद, आणि वाचलेला निधी दुसऱ्या मार्गाला. पण तिकीटच नाही तर डोकी मोजायची कुणी? म्हणून प्रत्येक बसच्या पुढच्या दाराशी एक यंत्र बसवलं. सगळे त्याला 'डोळा' म्हणतात. चढायचं पुढून, उतरायचं मागून, आणि जो चढला तो डोळ्याने टिपला.

तर डोळ्याचं म्हणणं असं, की उतारावरच्या थांब्यावर आमच्या बसमध्ये कुणी चढतच नाही.

उतारावर दृष्टिहीन मुलामुलींचं वसतिगृह आहे. ती सगळी आमच्याच शाळेत शिकतात आणि आमच्याच बसने येतात. बस भरते ती त्यांच्यामुळेच. मंडळाने मात्र वेगळाच तर्क लढवला होता. आई त्या मुलांसाठी थांबतच नाही, दार उघडल्यासारखं करून निघून जाते, मग ती बिचारी पैसे मोजून खासगी व्हॅनने जातात. थोडक्यात, ड्रायव्हरबाई आणि व्हॅनवाला यांचं साटंलोटं. शनिवारी सुनावणी. तिथे समाधानकारक खुलासा झाला नाही तर मार्ग बंद आणि आईची नोकरी संपली.

"पण मुलांना विचारा म्हणावं! वसतिगृहाच्या बाईंना विचारा!"

"त्यांनी लिहून दिलंय. मंडळ म्हणतं, त्यांना बस हवीच आहे, ते असंच लिहिणार." आईने बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. "आणि नेमकी आजपासून शाळेला सुट्टी. मुलं आपापल्या घरी गेली. शनिवारपर्यंत कुणाला दाखवू म्हटलं तरी बस खरंच रिकामी."

गर्दी होती, रोज होती, आणि ती डोळ्यादेखत कुणीतरी पळवली होती. मी ठरवलं, हा चोर आपण शोधायचा. सहा महिन्यांपूर्वी कुणी मला नाव विचारलं तरी मी चपलेकडे बघायचे. पण नुकतंच मी दुसऱ्या गावी जाऊन वक्तृत्वाची ढाल आणली होती आणि तेव्हापासून माझा भोंगा काही बंद होत नव्हता. म्हटलं, होऊन जाऊ दे!

२. टाचण्यांच्या बाई

विभागीय परिवहन मंडळाचं नियोजन कार्यालय म्हणजे एक लांबलचक खोली, खिडकीत वाळलेली कुंडी आणि भिंतभर नकाशा. नकाशावर टाचण्या आणि टाचण्यांना ताणलेले रंगीत दोरे. एक दोरा म्हणजे एक बसमार्ग. आमचा निळा. तो खालच्या बाजूला सैल सोडलेला होता, काढायच्या तयारीत.

नियोजनाच्या मॅडम ओठांत टाचण्या धरून उभ्या होत्या, शिंपी उभे राहतात तशा.

"अपॉइंटमेंट आहे?" त्यांनी टाचण्यांआडून विचारलं.

"नाही. पण माझ्याकडे प्रश्न आहेत."

टाचण्या ओठांतून तळहातावर आल्या. "ड्रायव्हरबाईंची मुलगी ना? डोळे तेच आहेत. बस इथे खुर्चीत."

मी त्यांना संशयितांच्या यादीत पहिला नंबर दिला होता. कारण निळ्या दोऱ्याच्या शेजारी एक कोरा लाल दोरा टाचणीला लटकत होता. त्यांचा लाडका नवा मार्ग.

"आमचा मार्ग बंद झाला की हा लाल सुरू होणार, हो ना?" मी सरळच विचारलं. "म्हणजे आमची बस रिकामी निघाली तर फायदा तुमचा."

मला वाटलं त्या चिडतील. त्या नकाशासमोर गेल्या आणि त्यांनी लाल दोऱ्याच्या टोकावर बोट ठेवलं.

"हे इस्पितळ. पहाटेची पाळी संपवून परिचारिका इथून हायवेच्या कडेकडेने चालत घरी जातात. फुटपाथ नाही. गेल्या हिवाळ्यात एकीला ट्रकने उडवलं. पाय वाचला, पण थोडक्यात. माझ्याकडे निधी एकाच मार्गाचा आहे. फायदा माझा नाही गं, त्यांचा आहे."

इतका वेळ मी लाल दोऱ्याचा मनापासून राग करत होते. तो राग ठेवायला मला एकदम जागाच मिळेना.

"मला तुमचा मार्ग तोडायची हौस नाही," त्या म्हणाल्या. "पण माणसं बोलतात तेव्हा प्रत्येकाची बस भरलेली असते. डोळा कुणाची बाजू घेत नाही. हे बघ."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. प्रत्येक थांब्याला एक रंगीत पट्टी. आमच्या वस्तीची पट्टी बऱ्यापैकी उंच. बाजाराच्या थांब्याची तर झकास. मधली, उतारावरच्या थांब्याची पट्टी जमिनीला चिकटलेली.

"सकाळी तिथे एकच माणूस चढतो. रोज. एक."

"एक? शून्य नाही?"

"शून्य नाही. एकच. आम्ही समजतो तो तिथला वॉचमन असावा."

हे मी मनात टिपून ठेवलं. वसतिगृहाचा वॉचमन वसतिगृहातच राहतो. त्याला मी बसमध्ये कधीही बघितलेलं नाही.

"आणि आता हे बघ." त्यांनी कळ दाबली. त्याच थांब्याची पट्टी अचानक ताडासारखी उंच झाली. "एकाच दिवशी अख्खं वसतिगृह चढलं. तुला सांगायला वाईट वाटतंय मला. त्या दिवशी तुझी आई रजेवर होती. बदली ड्रायव्हर होता."

मी तारीख वाचली, मग परत एकदा वाचली. त्या दिवशी आई माझ्यासोबत दुसऱ्या गावी आली होती. मी व्यासपीठावर हातवारे करत होते आणि ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

आई नसली की प्रवासी प्रकट होतात, आणि आई आली की गायब.

३. मिस्त्रीचा फडका

डेपोतले मिस्त्रीकाका एका बसखाली झोपलेले होते. फक्त त्यांचे पाय दिसत होते, म्हणून मी पायांशीच बोलले.

"काका, डोळा तुम्हीच बसवलात ना?"

"मीच बसवला. नीट आहे," पाय म्हणाले. "सगळे येतात आणि माझ्या डोळ्याला नावं ठेवतात. स्वतःची बस रिकामी, त्याचं काही नाही."

"दाखवता?"

ते कुरकुरत बाहेर आले. आईची बस सुट्टीमुळे दुपारची डेपोतच उभी होती. पुढच्या दाराच्या एका खांबावर साबणाच्या वडीएवढी काळी डबी आणि समोरच्या खांबावर एक चकचकीत पट्टी. दोन्हींच्या मधून एक न दिसणारी रेघ जाते, साधारण माझ्या छातीच्या उंचीवर. ती रेघ तुटली की एक माणूस.

काकांनी हात मध्ये घातला आणि काढला. टिक. घातला, काढला. टिक. आवाज इतका बारीक की बसचं इंजिन चालू असताना तो ऐकू येणं शक्यच नाही.

"झालं समाधान?"

"काका, याला फसवायचं असेल तर?"

"फसवायला काय लागतं? एकदा माझा फडका या डबीवर राहून गेला. तो पडला तेव्हा एकदा टिक झालं आणि मग दिवसभर याने तोंड उघडलं नाही. शंभर माणसं गेली तरी याच्या हिशोबी एकच." त्यांनी हात पुसले. "तुझ्या आईला विचार, तिचा स्कार्फ कुठे वाळत असतो ते."

मी मान वर केली. दाराच्या वर, दांडीला गाठ मारलेला, आईचा निळा स्कार्फ लोंबत होता. वाऱ्याने तो हलला आणि त्याचं टोक काळ्या डबीवर येऊन बसलं.

टिक.

४. घरातला संशयित

त्या संध्याकाळी मी जे केलं ते कुठल्याही गुप्तहेराला करावं लागतं. फक्त त्यांची आई समोर पोळ्या लाटत नसते.

"आई, तू स्कार्फ डोळ्यावर टाकतेस का?"

लाटणं थांबलं.

"कुठल्या डोळ्यावर?"

"दारावरच्या."

तिने लाटणं बाजूला ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी त्या मुलांसाठी थांबत नाही, असं मंडळाने लिहिलं," ती हळूच म्हणाली. "त्याचं मला एवढं लागलं नाही. ते मला ओळखत नाहीत." आणि ती परत लाटायला लागली. लाटणं जरा जास्तच जोरात फिरत होतं.

मी गॅलरीत जाऊन बसले आणि रडून घेतलं. रडता रडता डोकं मात्र चालू होतं, त्याला मी काय करणार? स्कार्फ डबीवर पडला असता तर डोळा दिवसभर झोपला असता. पण तसं झालेलं नव्हतं! आमच्या वस्तीत तो नीट मोजत होता, पुढे बाजारातही नीट मोजत होता. झोपत होता फक्त मधल्या एका थांब्यावर. मग तिथे येताना आई चालत्या बसमधून उठून स्कार्फ टाकते आणि पुढे गेल्यावर परत उठून काढते? बस काय स्वतःच चालते? आणि मी तर त्याच बसमध्ये असते!

मी आत धावत गेले. "आई, तू सुटलीस! तू असूच शकत नाहीस!"

"मेहेरबानी," आई म्हणाली आणि माझ्या ताटात पोळी वाढली. पण पोळी दुमडताना तिच्या ओठांचा कोपरा हलला, तो मी पाहिला.

राहिला व्हॅनवाला. त्याला सगळे गुळमटमामा म्हणतात, कारण तो भाडं वाढवतानाही लाडात बोलतो. सकाळी तो बाजाराच्या थांब्यावर व्हॅनला टेकून उभा होता.

"मामा, आमची बस बंद पडली तर तुमची चांदी ना?"

"अगं माझ्या सोन्या, असं कोण म्हणतं?" त्याने छातीवर हात ठेवला. "तुझ्या आईची बस इथे माणसं उतरवते, आणि त्या माणसांना आतल्या गल्ल्यांत कोण नेतं? मी. बस बंद झाली तर माझ्या व्हॅनमध्ये काय माश्या बसवू?"

"मग वसतिगृहाची मुलं तुम्ही नेत नाही?"

"ती? एकदा गेलो होतो विचारायला. त्यांचं ते पुढचं पोर मला म्हणालं, 'आमची गाडी आमच्याकडे आहे.' वर फिदीफिदी हसलं. फार शेफारलेलं आहे."

मॅडमना परिचारिकांची काळजी, मिस्त्रीकाकांचा डोळा धडधाकट, मामाला बस हवी, आणि आई आईच. माझे सगळे संशयित संपले होते आणि चोरी तशीच शिल्लक होती. सुनावणी उद्यावर आलेली.

पण मामाने सांगितलेलं ते 'पुढचं पोर' मला चांगलंच माहीत होतं. माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर बसतं. आणि सुट्टीतही ते घरी गेलेलं नव्हतं.

५. उचकी

तिला सगळे 'इंजिन' म्हणतात. कारण वसतिगृहाची मुलं कुठेही निघाली की ही सगळ्यात पुढे असते, आणि तिच्या मागे बाकीचे, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. त्या रांगेला ते 'आमची गाडी' म्हणतात आणि स्वतःला डबे. इंजिनचे आईवडील कामासाठी लांब असतात, म्हणून छोट्या सुट्टीत ती वसतिगृहातच राहते आणि पायरीवर बसून सगळ्या जगाला नावं ठेवते.

"आलीस का गं भोंग्या? पाय घासत चालतेस, लांबूनच कळतं."

मी तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. पट्ट्या, डबी, फडका, स्कार्फ. ती मध्ये बोलली नाही, आणि हे तिच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण आहे.

"म्हणजे तुझी आई आमच्यासाठी थांबत नाही, असं त्यांनी कागदावर लिहिलं?" शेवटी ती म्हणाली. "तुला माहितीये, ती कशी थांबते? मी फाटकाबाहेर उभी असते. बस येते, आणि दार उघडतं ते बरोब्बर माझ्या नाकासमोर. एक वीत इकडे नाही की तिकडे नाही. मी पाय उचलला की पायरी तिथेच. म्हणून आमची गाडी न थांबता एका दमात आत. मग ती विचारते—"

"'शेवटचा डबा?'" मी म्हटलं. हे मी रोज ऐकते.

"आणि आमचा सगळ्यात छोटा मागून ओरडतो, 'लागला!' मगच दार बंद." तिने पायरीवर टाच आपटली. "थांबत नाही म्हणे! त्या बदली माणसाला विचारा म्हणावं."

मी कान टवकारले. "त्याचं काय?"

"अगं, कसला गोंधळ! तू नव्हतीस त्या दिवशी. त्याने बस पार पुढे नेऊन उभी केली. मी दार समजून निघाले ती थेट टायरला धडकले. मागचे डबे माझ्यावर. सगळी गाडीच सुटली. माणूस चांगला होता पण, खाली उतरला, 'या बाळांनो, या' करत एकेकाचा हात धरून वर चढवलं. अर्धा तास गेला. आणि वर त्या बसला उचकी लागलेली."

"काय लागलेली?"

"उचकी! तो खाली उतरायचा म्हणून त्याने बसचं इंजिन बंद केलं होतं ना, तर दाराशी आवाज यायचा. एक जण चढला की टिक. दुसरा चढला, टिक. आमचा छोटा तर हसून हसून लोळला. तुझ्या आईच्या बसला अशी उचकी कधी लागत नाही. मी दारात शिरताना एकदा काय ती टिक होते, कान जवळ असतो म्हणून ऐकू येते मला, आणि मग शांत..."

ती बोलायची थांबली.

"भोंग्या," ती सावकाश म्हणाली, "तो मिस्त्रीचा फडका. परत सांग."

६. गाडी सुटते

सुनावणी डेपोच्या वरच्या मजल्यावर होती. एका लांब टेबलामागे समिती. मधोमध अध्यक्ष, ज्यांचा चष्मा कपाळावर आणि चेहरा घड्याळाकडे होता. कडेला नियोजनाच्या मॅडम. समोर खुर्चीत आई, इस्त्री केलेल्या गणवेशात, हात मांडीवर घट्ट.

"बाई, तुमची बाजू?" अध्यक्ष म्हणाले.

आई उभी राहिली. "मी थांबते, साहेब. रोज थांबते." एवढं बोलून ती अडली. तिला बोलता येत नाही, ती चालवते.

"हे तुम्ही आधीही सांगितलंय. नवीन काही?"

"मला चोर सापडलाय!" मी दारातून म्हटलं. आवाज जरा जास्तच मोठा लागला. सवय, दुसरं काय. "पण तो दाखवायला तुम्हा सगळ्यांना खाली यावं लागेल."

अध्यक्षांनी चष्मा नाकावर आणला. "ही कोण?"

"माझी मुलगी," आई म्हणाली, कपाळाला हात लावून.

"साहेब, जाऊ या," मॅडम एकदम उठल्या. "मी सगळे मार्ग या खुर्चीत बसूनच बघते. एकदा जिना उतरायला काय हरकत आहे?"

खाली आईची बस उभी होती. मिस्त्रीकाकांनी डबीला मोजणीचा छोटा पडदा जोडून ठेवला होता. त्यावर शून्य. स्कार्फ मी स्वतः आईच्या गळ्यात बांधला होता, उगाच कुणी बोट दाखवायला नको. बसजवळ इंजिन उभी होती, काठी बगलेत, चेहऱ्यावर वाढदिवस असल्यासारखा आनंद.

"आमच्या गाडीचे डबे सुट्टीवर आहेत," ती म्हणाली. "त्यामुळे आज डबे तुम्हीच व्हायचं. पाठीला पिशव्या लावा. माझ्यामागे उभे राहा. हात पुढच्याच्या खांद्यावर. आणि डोळे बंद. चोरून बघायचं नाही, मला कळतं."

"तुला कसं कळणार?" एक सदस्य म्हणाले.

"जो बघतो तो जास्त ऐटीत चालतो, काका."

समितीने एकमेकांकडे पाहिलं. मग मॅडमनी पहिली पिशवी पाठीला अडकवली आणि इंजिनच्या खांद्यावर हात ठेवला. एकामागोमाग एक सगळे लागले. सगळ्यात शेवटी अध्यक्ष, पाठीवर फायलींचं दप्तर. डोळे मिटल्याबरोबर सगळ्यांची पावलं कशी बारीक झाली आणि ते एकमेकांना कसे चिकटले, हे बघण्यासारखं होतं. आईने बस थोडी मागे घेतली आणि दार उघडलं. बरोब्बर इंजिनच्या नाकासमोर. मग बस बंद केली.

"गाडी सुटली!" इंजिन ओरडली.

टिक.

आणि मग काहीच नाही. दप्तरं आत जात होती, दप्तरांवरून हात, हातांमागे छात्या. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत मध्ये कुठेच फट नव्हती. रेघ एकदा तुटली ती तुटलेलीच राहिली. जुळलीच नाही तर पुन्हा तुटणार कशी? आतून कुणीतरी "माझा पाय!" म्हणालं, कुणीतरी हसलं.

"शेवटचा डबा?" आईने सवयीने विचारलं.

अध्यक्ष पायरीवर चाचपडले. "अं... लागला."

"आता डोळे उघडा," मी म्हटलं.

मिस्त्रीकाकांनी पडद्याकडे पाहिलं, टोपी काढली, परत घातली. "एक," ते म्हणाले.

"काय एक?"

"तुम्ही सगळे मिळून, साहेब. एक माणूस."

मग मी बोलले, आणि त्या ढालीच्या दिवसापेक्षा चांगलं बोलले. वॉचमन कुणी नव्हताच. उतारावरचा तो एकुलता एक प्रवासी म्हणजे अख्खं वसतिगृह, जोडलेलं. बदली ड्रायव्हर चांगल्या मनाचा होता, पण त्याला नेमकं थांबता आलं नाही. त्यामुळे गाडी तुटली, मुलं एकेकटी चढली आणि डोळ्याला दिसली. माझ्या आईला नेमकं थांबता येतं, म्हणून गाडी तुटत नाही, म्हणून मुलं दिसत नाहीत. तिने चुकीचं काही केलं असतं, तरच तुमची पट्टी बरोबर आली असती.

मॅडम सीटवर बसून डबीकडे बघत होत्या.

"मी म्हणाले होते, डोळा बाजू घेत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच घेत नाही. फक्त माणसांमध्ये अंतर असतंच, असं त्याने गृहीत धरलंय. तो मागवताना मीसुद्धा धरलं."

अध्यक्षांनी दप्तर काढलं. "ठीक आहे, मग प्रश्न मिटला. मुलांना सांगा, शाळा उघडली की हात सोडून एकेकाने चढायचं."

सोपं होतं. इतकं सोपं की मी मान हलवणारच होते.

"नाही," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती स्टिअरिंगवरच बसली होती. तिथे बसली की तिला बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"साहेब, आत्ता तुम्ही चढताना हात सोडला असतात का? पायाला पायरी लागत नाही, पुढचा दिसत नाही, मागे रस्ता आहे. तिथे तो खांदा एवढाच भरवसा असतो. मुलांनी हात सोडायला लागू नये म्हणून मी फुटपाथला खूण करून थांबायला शिकले. आता यंत्राला दिसावं म्हणून त्यांनी हात सोडायचा? मार्ग बंद करायचा तर करा. पण मी त्यांना असं सांगणार नाही."

अध्यक्षांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. मघाशी तो ज्या खांद्यावर होता त्याचे मालक, ते 'तुला कसं कळणार?' विचारणारे सदस्य, शेजारीच उभे होते. दोघंही जरासे ओशाळले.

"नवीन यंत्राला निधी नाही," अध्यक्ष पुटपुटले.

"यंत्र नको," मॅडम म्हणाल्या. "शाळा उघडू दे. मी येते मोजायला."

"आणि लाल दोरा?" मी विचारलं. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तो टाचणीलाच आहे. निळा कापून लाल ताणता येणार नाही, एवढंच आज ठरलं. बाकीचं भांडण मी वर जाऊन करेन." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "भोंगा लागला तर नेऊ ना तुला?"

७. मोजणी

शाळा उघडली त्या सकाळी मॅडम खरंच आल्या. आमच्या वस्तीतूनच चढल्या, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या, मांडीवर हात. आईने त्यांच्याकडे आरशातून एकदाच पाहिलं आणि बस काढली.

उतारावर गाडी उभी होती. इंजिन पुढे, मागे डबे, दप्तरं पाठीला. आईने ब्रेक दाबला. दार उघडलं.

मॅडमचे ओठ हलायला लागले. एक, दोन...

"कोण पुटपुटतंय?" इंजिन पायरीवरच थबकली. मागची सगळी गाडी थबकली. "मॅडम, तुम्ही ना? मोठ्याने मोजा की! इतके दिवस आम्ही सगळे मिळून एक होतो. आज आपला नंबर आम्हालाही ऐकू दे."

मॅडमनी घसा साफ केला. "एक," त्या मोठ्याने म्हणाल्या. इंजिनने वाकून सलाम ठोकला आणि आत आली. "दोन." दुसऱ्या डब्याने शिट्टी वाजवली. "तीन." तिसरा लाजला. मग बसमधली बाजाराला निघालेली माणसंही मोजायला लागली. प्रत्येक आकड्याला एक पाय पायरीवर पडत होता आणि कुणाचाही हात कुणाच्या खांद्यावरून सुटत नव्हता. आकडा वाढत गेला तशी आईची मान ताठ होत गेली. मी मागून बघत होते. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, फक्त गळ्यातल्या स्कार्फची गाठ उगाचच सारखी केली.

"शेवटचा डबा?" तिने विचारलं.

छोट्याने एक पाय वर घेतला, पण नेहमीसारखा ओरडला नाही. मान वर करून वाट बघत उभा राहिला. मॅडमच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्यांनी त्याचा आकडा म्हटला, खास मोठ्याने, त्याच्या एकट्याचा.

"लागला!" तो ओरडला, आणि आईने दार बंद केलं.